दुसऱ्या फाटकावरची मोजणी

इनेस फुर्तादोची चिठ्ठी आली तेव्हा वर्ना हॅलोरन धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. चिठ्ठी खरं तर टेकड्यांवर लोकांना फिरवून आणणाऱ्या मंडळाच्या पत्त्यावर आली होती. मंडळाने ती वर्नाकडे पाठवून दिली, म्हणजे नेहमीप्रमाणे अंगावरचं झटकलं. आत चारच ओळी होत्या. 'तेरा एप्रिलला पापांना जाऊन वर्ष होईल. ते ज्या वाटेने गेले ती वाट मला चालायची आहे. त्या दिवशी ज्यांनी त्यांना नेलं त्यांच्याचबरोबर. मला चालायची सवय नाही, तेव्हा फेरा छोटाच आखा.'

वर्नाने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि उरलेले मोजे जोडून टाकले. ती रडली असती, घाबरली असती, निदान मटकन खुर्चीत बसली असती, तर बरं झालं असतं. पण गेल्या एप्रिलपासून तिचं हे असंच चाललं होतं. दाढ काढताना भूल देतात, मग आपण गालाला हात लावून बघतो. हात लागल्याचं कळतं, पण गाल आपला वाटत नाही. तिचं सगळं अंगच तसं झालं होतं. जेवायची, झोपायची, कोणी विनोद केला तर हसायचीसुद्धा. आत काही हलत नव्हतं.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि एक कोरं कार्ड घेतलं. फेरा आखायचा तर तिची पद्धत ठरलेली. आधी अंतर, मग चढ किती, सावली कुठे, पाणी कुठे, फाटकं किती, आणि कोणाचा दम तुटला तर मधूनच खाली उतरायला वाट कुठून. या टेकड्यांवर ओकची झाडं विरळ, एकेकटी उभी. मधे नुसतं गवत. एप्रिलमध्ये ते हिरवंगार असतं आणि त्यात पॉपीची केशरी फुलं नि ल्युपिनची जांभळी, म्हणून शहरातली माणसं गाड्या भरभरून येतात. मे उजाडला की सगळं वाळून पिवळं, मग कोणी फिरकत नाही. फेरा चार मैलांचा. गाडीतळावरून डावीकडे चढायचं, ओकांच्या सावलीतून तीन फाटकं ओलांडून कड्यावर जायचं आणि उजवीकडच्या फुलांच्या उतारावरून खाली यायचं. लहान मूलसुद्धा असाच आखेल.

वर्नाने कार्डावर लिहिलं : 'उजवीकडून चढ.'

वेंडेल मागच्या दाराने आत आला तेव्हा ती चढाचे आकडे लिहीत होती. वेंडेल एक्काहत्तर वर्षांचा, मंडळाचा शेपटीवाला. म्हणजे फेरीत सगळ्यांच्या मागे चालायचं, कोणी रेंगाळलं तर हाकलायचं, हे त्याचं काम. दार वाजवायची त्याला सवय नव्हती आणि वर्नानेही ती कधी लावली नव्हती.

"काय गं, बंद केलं होतंस ना हे सगळं?" तो नकाशावर वाकला. कार्ड उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं. "उजवीकडून? उन्हात चढ आणि सावलीत उतार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"असू दे."

"असू दे काय! कुणाला भाजून काढायचंय?"

"फुर्तादोची मुलगी येतेय."

वेंडेलने कार्ड खाली ठेवलं. फ्रिज उघडून स्वतःच लिंबूपाणी घेतलं. मग वर्षभर जे वाक्य तो दर भेटीत म्हणत आला होता, तेच म्हणाला. "माझी दाढ त्या दिवशी सुजली नसती, तर मी मागे असतो. मी मागे असतो तर म्हातारा गेला नसता."

"तुझ्या दाढेचा काही संबंध नाही," वर्ना म्हणाली. हेही ती दर वेळी म्हणायची. पण त्यापुढचं बोलायची नाही. बिचारा वर्षभर स्वतःच्या दाढेला शिव्या घालत होता आणि ही त्याला घालू देत होती.

"मग हा उलटा फेरा कशाला?" वेंडेलने विचारलं. "डावीकडून गेलं की ते झाड पहिल्या तासातच लागतं. उजवीकडून गेलं की शेवटी लागतं, उतारावर, माणूस दमलेला असतो, पटकन खाली जातो. एवढं कळतं मला. पण तिला तेच बघायचं असेल ना?"

वर्नाने चढाचे उरलेले आकडे लिहून टाकले. वेंडेल लिंबूपाणी संपवून गेला.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगितलं पाहिजे. त्याशिवाय वर्ना कशापासून पळतेय ते कळायचं नाही.

वर्नाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. पोरं पायऱ्या चढताना ती त्यांची तोंडं बघायची नाही, बूट मोजायची. तोंडं इकडेतिकडे वळतात, बूट एकामागोमाग एकच येतात. एकतीस वर्षांत एक पोर मागे राहिलं नाही. हीच सवय तिने डोंगरावर आणली. शेपटीवाला दाढेमुळे आला नाही तरी ती बारा जणांना घेऊन निघाली. प्रत्येक फाटकावर उभं राहून बूट मोजीन, म्हणाली, बारा म्हणजे काही बस भरलेली नाही.

ऑगस्ट फुर्तादो त्यातला एक. वय शहात्तर, जन्म सगळा गाईंच्या धारा काढण्यात गेलेला, गोठा विकून तीन वर्षं झालेली. गाडीतळावरच त्याने वर्नाला सुनावलं होतं, "पुढे गाय नसताना माणसाने चालायचं कशाला, ते सांग मला." पण टेकडीवर गाई भेटल्या. दुसऱ्या फाटकाच्या थोडं अलीकडे, वळणावर, एका ओकखाली पाचसहा जनावरं उभी होती आणि त्यातली एक कालवड मागचा पाय उचलून धरत होती. म्हातारा थांबला. वर्नाने मागे वळून हाक मारली, "चला, ऑगस्ट!" त्याने तिच्याकडे न बघताच हात हलवला. "व्हा पुढे. खुरात काहीतरी रुतलंय हिच्या. आलोच."

ती फाटकावर जाऊन उभी राहिली. तेवढ्यात खालच्या तळ्याकडून येणाऱ्या पायवाटेने एक अनोळखी माणूस वर आला. या टेकड्यांवर एक रीत आहे : फाटक उघडलेलं असलं की कोणी कोणाच्या तोंडावर लावत नाही. गुरं सुटू नयेत म्हणून सगळे एकदमच पलीकडे जातात आणि शेवटचा साखळी लावतो. तो माणूसही रीतीप्रमाणे घोळक्यातूनच गेला, मान हलवून आभार मानले आणि पुढच्या फाट्यावर आपल्या वाटेने निघून गेला. वर्ना खाली मान घालून बूट मोजत होती. बारा जोड्या. तिने साखळी लावली आणि पुढे निघाली.

तिसऱ्या फाटकावर अकरा भरले.

म्हणजे म्हातारा दुसऱ्या आणि तिसऱ्या फाटकाच्या मधे कुठेतरी राहिला. दुसरं काय वाटणार? तिने दहा जणांना तिथेच बसवलं, एकाला फोन लागेल अशा कड्यावर पिटाळलं आणि स्वतः धावत मागे आली. झुडपं पाहिली, घळी पाहिल्या, हाका मारून घसा फोडला. दुसऱ्या फाटकापर्यंत आली. साखळी तिने लावली होती तशीच होती. फाटकाला हात लावून ती उभी राहिली आणि वळली, परत वर शोधायला. नंतर मदतीला आलेली माणसंही तिच्या सांगण्यावरून वरच शोधत राहिली. ऑगस्ट फुर्तादो संध्याकाळी पाच वाजता सापडला. दुसऱ्या फाटकाच्या अलीकडे, त्या ओकच्या बुंध्याला फाटकाकडून न दिसणाऱ्या बाजूने टेकून बसलेला, हृदय बंद पडून गेलेला.

दोन दिवसांनी शेरीफचा, म्हणजे इथल्या पोलिसप्रमुखाचा, माणूस जबानी घ्यायला आला. "दुसऱ्या फाटकावर किती होते?" त्याने विचारलं. "बारा," वर्ना म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघत असतानाच तिच्या डोळ्यांपुढे एक जोडी उभी राहिली, लाल नाड्यांची. तिच्या बारा जणांत लाल नाड्या कोणाच्याच नव्हत्या. शेरीफच्या माणसाने बारा लिहून घेतलं होतं आणि पुढचा प्रश्न विचारला होता. तिने पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. कारस्थान वगैरे काही नाही हो. एवढंच झालं. आणि कागदावर आलं ते असं, की ऑगस्ट फुर्तादो दुसरं फाटक ओलांडून गेला, मग आपल्या मर्जीने, कोणाला न सांगता, परत फिरला. दोष कोणाचाच नाही. मंडळाने वर्नाची पाठ थोपटली. तेव्हापासून ती अशी.

तेरा एप्रिलला सकाळी साडेनऊला इनेस गाडीतळावर हजर होती. चाळिशीची, ठेंगणी, दातांच्या दवाखान्यात कामाला. पायात कोरे करकरीत बूट, टाचेला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"मिसेस हॅलोरन?"

"वर्ना म्हण."

वर्नाने कार्ड पुढे केलं. इनेसने ते वाचलं, समोरच्या दोन वाटा पाहिल्या. "पापा कुठल्या वाटेने गेले होते?"

"डावीकडच्या."

"मग यावर उजवीकडून का लिहिलंय?"

"उतार सोपा पडतो," वर्ना म्हणाली. धडधडीत खोटं, आणि ते बोलतानाही तिला काही वाटलं नाही.

"मला सोपं नकोय," असं म्हणून इनेस डावीकडे चालायला लागलीसुद्धा.

चढावर ती एकटीच बोलत होती. टेकडी फुलांनी नुसती पेटली होती. पॉपी गुडघ्याला लागत होत्या. इनेसने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वर्नाला दिसत होतं, पण दिसून उपयोग काय, भिंतीवरचं कॅलेंडर बघावं तसं.

"त्यांना यायचंच नव्हतं," इनेस सांगत होती. "गोठा गेल्यापासून खिडकीतल्या खुर्चीत बसून असायचे. त्या दिवशी सकाळी म्हणाले, मी काय शाळेतलं पोर आहे सहलीला पाठवायला? मी काय म्हटलं, माहितेय? म्हटलं, बसा असेच, त्याच खुर्चीत मराल. आणि गाडीत घालून आणून सोडलं इथे. उतरल्यावर दारसुद्धा लावलं नाही त्यांनी, एवढा राग."

पहिलं फाटक आलं. वर्नाने साखळी काढली, इनेस गेली, वर्नाने साखळी लावली.

"म्हणून परत फिरले ते," इनेस म्हणाली. "माझ्या नाकावर टिच्चून. त्या कागदात लिहिलंय ना, आपल्या मर्जीने परत फिरले. पापा म्हणजे तसेच. आईशी भांडले की ताटावरून उठायचे. मी वर्षभर तेच बघतेय डोळ्यांपुढे : सगळे पुढे चाललेत आणि माझा बाप माझ्यावर चडफडत एकटाच मागे निघालाय. ती खुर्ची मी विकली नाही, कुऱ्हाडीने फोडली. शेजारी बघायला आले."

वळण आलं. ओक आला. आज गुरं नव्हती, नुसती सावली होती. पुढे दोनशे पावलांवर दुसरं फाटक दिसत होतं. काही सांगावं लागलं नाही. वर्ना थांबली तशी इनेसही थांबली.

"इथे?"

"हो."

इनेसने बुंध्यावर तळवा टेकवला. "बसले असतील रागाने फुगून," ती म्हणाली आणि बुंध्याला कपाळ टेकवलं.

हीच वेळ होती. गप्प राहिलं की दहा मिनिटांत ही बाई डोळे पुसेल, चालायला लागेल आणि खुर्ची फोडलेल्या घरी परत जाईल, जन्मभरासाठी. वर्नाला काय गमवायचं होतं? एकतीस वर्षांचं नाव. गावात अजून लोक म्हणत, वर्नाच्या बसमध्ये पोर बसलं की आईने खुशाल झोपावं. तेवढंच उरलं होतं तिच्याकडे.

"ते परत फिरले नव्हते," वर्ना म्हणाली.

"काय?"

"फाटकापर्यंत गेलेच नव्हते ते. इथेच थांबले होते. एक कालवड लंगडत होती, तिचा खूर बघायला. मी हाक मारली तर म्हणाले, व्हा पुढे, खुरात रुतलंय हिच्या, आलोच. चिडलेले नव्हते. कामात होते." वर्नाचा आवाज बसमधले थांबे सांगावेत तसा सपाट येत होता. "मी फाटकावर चुकीचं मोजलं. भलत्याच माणसाचे बूट मोजले, घोळक्यातून गेला त्याचे. बारा भरले म्हणून साखळी लावली. हे मला जबानी देतानाच कळलं, आणि मी बोलले नाही."

इनेस तिच्याकडे बघत राहिली. वर एक गिधाड घिरट्या घालत होतं. "आलोच म्हणाले?"

"आलोच."

इनेस एकदम हसली, मग तिचं तिलाच हसू आवरेना, मग ते हसू राहिलं नाही. "गाय सापडली त्यांना," ती रडत म्हणाली. "अगं बाई. गाय सापडली." बाहीने नाक पुसलं. मग चेहरा हळूहळू बदलला, आणि तिने विचारलं, "डॉक्टर म्हणाले होते दोन तास तरी बसून असावेत. शुद्धीत. तुम्ही कुठे होतात ते दोन तास?"

"फाटकाच्या पलीकडे. शोधत होते. एकदा फाटकापर्यंत आले होते, त्या तिथे. हात लावला फाटकाला. आणि परत वर गेले."

"तिथपर्यंत."

"हो."

"तुमची हाक ऐकू आली असेल त्यांना."

वर्नाने फाटकाकडे पाहिलं. हाका तिने वरच्या बाजूला तोंड करून मारल्या होत्या.

"तुम्ही जा," इनेस म्हणाली. "गाडीतळावर जाऊन थांबा. मी फेरा पुरा करून येते. एक वाजेपर्यंत."

"तुला वाट ठाऊक नाही. एकटं सोडायचं नाही असा नियम–"

"नियम?" इनेस अशा काही आवाजात म्हणाली की वर्ना कार्ड तिच्या हातात देऊन मुकाट्याने उतरायला लागली.

गाडीतळावर तिने सँडविच काढलं, परत ठेवलं. शहरातल्या एका कुटुंबाने तिला फुलं कुठे जास्त आहेत ते विचारलं, तिने सांगितलं. बारा वाजले. साडेबारा. एक वाजता उजवीकडच्या उतारावर ती नजर लावून बसली. पाच जण उतरले, इनेस नाही. एक वाजून दहा मिनिटं. नवे बूट, टाच सोलली असेल. कड्यावर साप असतात या दिवसांत. एक वाजून तेरा मिनिटांनी वर्नाच्या हातातून पाण्याची बाटली पडली. तिने ती उचलली, तर परत पडली. ही भीती आहे हे कळायलाच तिला थोडा वेळ लागला. वर्षभरात ओळख विसरली होती.

ती उठली. उजवीकडून की डावीकडून? फेरा पुरा करून येते म्हणाली होती, म्हणजे उजवीकडून शोधायला हवं. वर्ना डावीकडे धावली. चौसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, धापा टाकत, मधे पडली, तळहात सोलला, पहिल्या फाटकाची साखळी निघेना तेव्हा तिने फाटकाला लाथ घातली. "इनेस!" ती ओरडत होती. "इनेस!" ल्युपिनच्या ताटव्यात फोटो काढत बसलेली दोन माणसं दचकून उभी राहिली.

इनेस ओकच्या बुंध्याला टेकून बसली होती. जिथे सोडलं होतं तिथेच. कार्ड मांडीवर. ती मुळी हललीच नव्हती.

"किती वाजता निघालात?" तिने विचारलं.

"सव्वा वाजता." वर्नाला श्वास पुरत नव्हता.

"एक वाजल्यावर पंधरा मिनिटांत." इनेसने मान हलवली. "आज आलात."

वर्ना गवतात बसली आणि तिने भोकाड पसरलं. चौसष्ट वर्षांची बाई, लहान पोरासारखी, तोंड उघडं टाकून. ऑगस्टसाठी, त्या दोन तासांसाठी, त्या फाटकावरच्या आपल्या हातासाठी, एक वर्ष साचलेलं सगळं एकदम आलं आणि फार दुखलं. "चुकलं माझं," ती म्हणत होती, "चुकलं गं माझं."

"हो, चुकलं," इनेस म्हणाली. "सोमवारी नऊ वाजता माझ्याबरोबर शेरीफच्या कचेरीत यायचं. परत फिरले असं लिहिलंय ते खोडायचं. ते काय म्हणाले होते ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं, शब्दन्‌शब्द."

वर्नाने मान डोलावली. रडणं थांबत नव्हतं.

इनेसने तिला जवळ घेतलं नाही, पाणीही विचारलं नाही. उठून उभी राहिली, पँटला चिकटलेलं गवत झटकलं आणि खाली जाणाऱ्या वाटेवर चार पावलं गेली. मग थांबली. पाठमोरीच, कमरेवर हात ठेवून, वर्ना उठेपर्यंत ती तिथेच उभी होती. वर्नाला उठायला बराच वेळ लागला.